श्वासाची स्वच्छता

काशी क्षेत्रात गंगेच्या पश्चिम तीरावर, पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने आणि नारायण दीक्षित यांच्या पुढाकाराने हा घाट बांधला गेला. पुढे तीर्थवास, वेदाध्ययन आणि पौरोहित्य यांच्या निमित्ताने अनेक मराठी घराणी या परिसरात येऊन स्थायिक झाली. घाटावर नवदुर्गांपैकी ब्रह्मचारिणी देवीचे मंदिर आहे. नाना फडणवीसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडाही याच परिसरात आहे.

दुर्गाघाटाच्या मागील बाजूस असलेल्या गल्ल्या अतिशय अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरे उभी असल्यामुळे गल्लीत ऊन क्वचितच उतरते. जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड असतात, मध्ये चौक असतो आणि चौकाभोवती खोल्या असतात. उन्हाळ्यातील तप्त वाऱ्यांपासून अशी घरे रहिवाशांचे उत्तम रक्षण करतात. परंतु आतल्या खोल्यांना बाहेरच्या बाजूस खिडकी नसेल, तर तेथे हवा आणि प्रकाश यांचा शिरकाव होत नाही. पुण्याच्या पेठांतील जुने वाडे, मुंबईच्या चाळी आणि शहरोशहरीच्या दाट वस्त्या यांचीही स्थिती पुष्कळशी अशीच आहे.

अशा घरात फुप्फुसाच्या दीर्घकालीन संसर्गाने आजारी असलेली व्यक्ती राहत असेल, तर तिने आणि कुटुंबीयांनी रोज कोणती काळजी घ्यावी, हा या पाठाचा विषय आहे. आपल्या देशात या संसर्गांपैकी सर्वांत मोठा संसर्ग क्षयरोगाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक रुग्ण भारतातील असतो. क्षयरोग बरा झाल्यावरही काही जणांची फुप्फुसे कायमची दुबळी होतात आणि त्यांत इतर जंतू वारंवार ठाण मांडतात. म्हणून या दोन्ही अवस्थांचा विचार येथे केला आहे.

एका घरातील प्रसंग

समजा, दुर्गाघाटाच्या गल्लीतील एका घरात सुनेला तीन आठवड्यांपासून खोकला आहे. संध्याकाळी अंगात बारीक ताप येतो, वजन घटले आहे. थुंकीच्या तपासणीत क्षयरोगाचे निदान होते. घरातील माणसे प्रेमळ आहेत, पण घाबरलेली आहेत. त्याच दिवशी सासूबाई सुनेचे ताट, तांब्या आणि पेला वेगळे करतात. तिचे अंथरूण माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत हलवले जाते. ‘वारा लागू नये’ म्हणून त्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. तिच्या कपड्यांना कोणी हात लावत नाही. मात्र चार वर्षांचा मुलगा आईवाचून झोपत नाही, म्हणून रात्री तो तिच्याच कुशीत झोपतो. दोन महिन्यांनी तिला माहेरी पाठवावे, अशी कुजबुजही सुरू होते.

या घराने केलेली खबरदारी तपासून पाहिली, तर एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. ताट वेगळे केल्याने, कपड्यांना हात न लावल्याने रोगाचा प्रसार मुळीच थांबत नाही. उलट ज्या बंद, अंधाऱ्या खोलीत तिला ठेवले, तीच खोली प्रसाराला सर्वांत अनुकूल आहे. आणि ज्या बालकाला सर्वाधिक जपायला हवे होते, तेच रात्रभर त्या खोलीत श्वास घेत आहे. स्पर्शाचा विटाळ मानण्याची सवय जुनी आहे. क्षयाचा जंतू मात्र स्पर्शाने जात नाही. तो हवेतून जातो.

रोगाचा प्रवास

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यामुळेच २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. क्षय हा पूर्वकर्माचा भोग किंवा घराण्याचा दोष नसून तो एका जंतूमुळे होतो, हे त्या शोधाने सिद्ध झाले. परंतु हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याविषयी पुढेही दीर्घकाळ मतभेद होते.

फुप्फुसाचा क्षय असलेली व्यक्ती खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते किंवा गाते, तेव्हा तिच्या तोंडातून असंख्य तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार लगेच जमिनीवर पडतात. लहान तुषारांतील पाणी क्षणार्धात वाळते आणि जंतू वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण हवेत उरतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांपैकी एक ते पाच भागांइतकाच या कणांचा आकार असतो. ते इतके हलके असतात की बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही ते तेथे असू शकतात. श्वासाबरोबर ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रत्यक्ष पुरावा मिळवला. क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळांद्वारे वरच्या मजल्यावरील पिंजऱ्यांत नेण्यात आली. तेथे गिनीपिग ठेवलेले होते. या प्राण्यांचा रुग्णांशी, त्यांच्या भांड्यांशी वा कपड्यांशी काहीही संबंध आला नव्हता. त्यांच्यापर्यंत केवळ हवा पोहोचत होती. तरीही काही गिनीपिगांना क्षयाची लागण झाली. दुसऱ्या पिंजऱ्यांतील गिनीपिगांना तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन दिली, तेव्हा मात्र त्यांना लागण झाली नाही. सूर्यप्रकाशातही हे किरण असतात. उजेड आणि मोकळी हवा यांचे महत्त्व या प्रयोगाने अधोरेखित झाले.

यावरून दैनंदिन व्यवहाराचा पहिला नियम मिळतो. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने, त्याचा हात हातात घेतल्याने किंवा त्याने वापरलेल्या शौचालयाचा वापर केल्याने फुप्फुसाचा क्षय पसरत नाही. भांडी नेहमीप्रमाणे साबणाने किंवा राखेने घासावीत आणि कपडे नेहमीप्रमाणे धुवावेत, एवढे पुरे.

खिडकी हे पहिले औषध

खोलीतील हवा तासाभरात किती वेळा पूर्णपणे बदलते, यावर तेथील जंतूंचे प्रमाण अवलंबून असते. पेरू देशातील लिमा शहरातील रुग्णालयांत या विषयाचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राद्वारे हवा खेळवणाऱ्या खोल्यांत तासाला १२ वेळा हवा बदलेल अशी योजना केलेली होती. याउलट साध्या खोल्यांची दारे-खिडक्या उघडी ठेवली असता तेथील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तर याहूनही चांगला परिणाम दिसला. उघड्या खिडकीला पैसे पडत नाहीत, वीजही लागत नाही.

म्हणून घरातील सर्वांत हवेशीर खोली रुग्णाला द्यावी. जुन्या काशीकर घरांत अशी खोली बहुधा वरच्या मजल्यावर, गंगेकडील किंवा गच्चीलगतच्या बाजूस असते. खोलीत समोरासमोर दोन उघडी तोंडे असतील, तर हवा आरपार वाहते. रुग्णाची खाट बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूस, म्हणजे खिडकीशी ठेवावी. म्हणजे हवा आधी इतरांवरून आणि नंतर रुग्णावरून वाहत बाहेर जाईल. विजेचा पंखा ठेवायचा असल्यास त्याचा झोत खिडकीकडे असावा. घरात एकच खोली असेल, तर रुग्णाचे अंथरूण खिडकी किंवा दाराजवळ टाकून इतरांनी शक्य तितक्या अंतरावर झोपावे. दिवसा गच्चीवर किंवा चौकात, मोकळ्या आकाशाखाली बसणे सर्वांनाच हितकारक असते. दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलेली खोली मात्र अशा वेळी अपायकारक ठरते, कारण त्यात तीच हवा पुनःपुन्हा फिरत राहते.

‘वारा लागेल’ ही भीती पुष्कळ घरांत असते. कडाक्याच्या थंडीत रुग्णाला पुरेसे पांघरूण द्यावे, कान झाकावेत, परंतु खिडकी पूर्णपणे बंद करू नये.

घरीच उपचार करणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्नही एके काळी मोठा होता. क्षयरुग्णाला आप्तांपासून दूर, डोंगरावरील आरोग्यधामात ठेवण्याची पद्धत होती. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने याबाबत महत्त्वाचा प्रयोग केला. १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून एक वर्षभर सारखीच औषधे दिली गेली. आरोग्यधामातील रुग्णांना विश्रांती आणि आहार अधिक चांगला मिळत होता. तरीही १९५९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील रुग्ण बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. पुढील पाहणीत, घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना क्षय होण्याचे प्रमाणही अधिक दिसले नाही. उपचार सुरू होण्यापूर्वी जो संसर्ग व्हायचा, तो बहुधा होऊन गेलेला असतो, असा याचा अर्थ होता. या अभ्यासामुळे जगभर घरीच उपचार करण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णाला घराबाहेर काढण्याला शास्त्राचा आधार नाही, हे भारतातच सिद्ध झाले.

खोकला आणि थुंकी

रुग्णाच्या स्वच्छतेत खोकल्याची शिस्त सर्वांत महत्त्वाची असते. खोकताना किंवा शिंकताना नाक आणि तोंड रुमालाने वा पदराने झाकावे. जवळ काही नसल्यास कोपर दुमडून त्यात खोकावे. तळहातावर खोकल्यास तोच हात पुढे सर्वत्र लागतो. उपचाराच्या आरंभीच्या काळात घरातील इतरांजवळ बसताना आणि दवाखान्यात, वाहनात किंवा गर्दीत जाताना रुग्णाने मुखपट्टी वापरावी. मुखपट्टी रुग्णाच्या तोंडातून निघणारे तुषार अडवते. रुग्णाची दीर्घकाळ निकट सेवा करणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘एन-९५’ प्रकारची मुखपट्टी वापरावी. ओली किंवा मळलेली मुखपट्टी पुन्हा वापरू नये.

काशी ही पानांसाठी प्रसिद्ध नगरी आहे. गल्लीच्या भिंतींवर आणि घाटाच्या पायऱ्यांवर पडलेल्या पिचकाऱ्या हे तेथील नित्याचे दृश्य आहे. पान खाणाऱ्याच्या लाल थुंकीत कफातील रक्त लपून जाते आणि रोगाची महत्त्वाची खूण नजरेआड होते. शिवाय उघड्यावर थुंकणे हे अनेक रोगांना निमंत्रण असते. म्हणून खोकला असलेल्या व्यक्तीने तंबाखू आणि पान यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर आहे.

कफ गिळू नये आणि उघड्यावर टाकू नये. त्यासाठी घट्ट झाकणाचा एक डबा वेगळा ठेवावा. डब्याच्या तळाशी थोडे फिनेल घालावे. दिवसातून एकदा किंवा दोनदा डब्यातील कफ शौचालयात टाकून भरपूर पाणी ओतावे. गल्लीतील गटारात किंवा गंगेत तो टाकू नये. त्यानंतर डबा उकळत्या पाण्याने धुवावा आणि हात साबणाने स्वच्छ करावेत. कापडी रुमाल गरम पाण्यात साबण घालून भिजवावेत, धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. थुंकीचा डबा ही लाजेची वस्तू नाही. तो वापरणारा रुग्ण घरादाराची काळजी घेत असतो.

औषधातून येणारी स्वच्छता

वरील सर्व खबरदारीपेक्षा एक गोष्ट अधिक परिणामकारक आहे आणि ती म्हणजे नियमित औषध. योग्य औषधे सुरू झाल्यावर रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने घटतो. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांच्या नियमित उपचारानंतर प्रसाराचा धोका पुष्कळच कमी झालेला असतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात हा काळ अधिक असू शकतो. म्हणून रुग्णाने मुखपट्टी कधी सोडावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहसा सहा महिने चालतो. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. याच टप्प्यावर अनेक जण ‘आता बरे वाटते’ म्हणून औषधे सोडतात. उरलेले जंतू अशा वेळी औषधांना सरावतात आणि तोच रोग अधिक कठीण होऊन परततो. रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवीला नारिंगी रंग येतो. त्याने घाबरून औषध बंद करू नये. कावीळ, सततच्या उलट्या, दृष्टीत बदल अशी लक्षणे दिसल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

रुग्णाबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होणे आवश्यक असते. पाच वर्षांखालील बालकांना क्षयाचा धोका अधिक असतो. रोग नसल्याची खात्री झाल्यावर कुटुंबीयांना प्रतिबंधक औषधे दिली जातात. मागील प्रसंगातील चार वर्षांच्या मुलाला खरी गरज याच तपासणीची होती.

ही तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. दुर्गाघाटाच्या रहिवाशांसाठी कबीरचौरा येथील शिवप्रसाद गुप्त रुग्णालय जवळचे आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात छातीच्या रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. क्षयरुग्णाच्या आहारासाठी २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना सुरू झाली. आरंभी दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. १८००-११-६६६६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर क्षयरोगाविषयी माहिती मिळते.

आहाराचे महत्त्वही आता स्पष्ट झाले आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अतिरिक्त शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांना हा शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. ताट वेगळे करण्यापेक्षा ते भरलेले असणे महत्त्वाचे, हेच या अभ्यासातून दिसते.

बरे झाल्यानंतरचे फुप्फुस

औषधे पूर्ण होतात, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि रुग्ण बरा झाल्याचे सांगितले जाते. तरीही काहींचा खोकला जात नाही. सकाळी वाटीभर कफ पडतो, जिना चढताना धाप लागते. क्षयाने फुप्फुसाचा काही भाग जखमी होऊन तेथील श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल झालेल्या असतात. या विकाराला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. निरोगी श्वासनलिका कफ वर ढकलत राहते. सैल झालेल्या नलिकेत तो साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. भारतातील ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या विकाराचे सर्वाधिक आढळलेले कारण पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हेच होते. सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या बाबतीत ते दिसून आले.

या अवस्थेत स्वच्छतेचा हेतू बदलतो. पहिल्या अवस्थेत रुग्णापासून इतरांचे रक्षण करायचे होते; आता भोवतालच्या जंतूंपासून, धुळीपासून आणि धुरापासून रुग्णाचे रक्षण करायचे असते. क्षय परत आला नसल्याची खात्री मात्र थुंकी तपासूनच करावी.

रोज छाती मोकळी करणे हा या स्वच्छतेचा पाया आहे. दीर्घ श्वास घेऊन काही क्षण थांबावे. नंतर आरशावर वाफ धरण्यासाठी सोडतो, त्याप्रमाणे तोंड उघडे ठेवून जोराने श्वास सोडावा. त्यामुळे कफ हळूहळू वर सरकतो आणि अखेरीस खोकून बाहेर टाकता येतो. कफ कोणत्या बाजूस साचतो, त्यानुसार कुशीवर निजूनही हा व्यायाम केला जातो. तो भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा आणि जेवणापूर्वी, उघड्या खिडकीजवळ करावा. थुंकीतून रक्त पडत असताना करू नये. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर दिवसभरात पुरेसे पाणी प्यावे. त्याने कफ पातळ राहतो.

पाणी, धूळ आणि धूर

क्षयजंतूच्या कुळातील, परंतु क्षयरोग न करणारे काही जंतू पाण्यात आणि मातीत राहतात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. जखमी फुप्फुसात मात्र ते घर करू शकतात. म्हणून पाण्याचे तुषार श्वासात जातील अशा ठिकाणी दक्षता घ्यावी. गच्चीवरील टाकी नियमित धुवावी. कूलरमधील पाणी साचू देऊ नये. आठवड्यातून एकदा ते काढून टाकी घासून कोरडी करावी. नेब्युलायझर वापरणाऱ्यांनी त्यात नळाचे, विहिरीचे किंवा गंगेचे पाणी कधीही घालू नये. डॉक्टरांनी दिलेले निर्जंतुक द्रावणच वापरावे. प्रत्येक वापरानंतर त्याची वाटी आणि मुखवटा धुऊन पूर्ण वाळवावा. जे भाग उकळण्याजोगे असतील, ते माहितीपत्रकातील सूचनेप्रमाणे उकळून घ्यावेत.

पावसाळ्यात गंगा घाटाच्या पायऱ्या बुडवते. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर आणि खालच्या मजल्यांवर गाळाचा जाड थर राहतो. तो उपसण्याचे काम फुप्फुसाच्या रुग्णाने करू नये. गाळ वाळून धूळ उडण्यापूर्वीच इतरांनी तो ओला असतानाच काढावा. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. तिचे सूक्ष्म कण जखमी फुप्फुसात रुजू शकतात. म्हणून ओल असलेल्या तळमजल्याच्या खोलीत रुग्णाचे अंथरूण ठेवू नये.

घर झाडताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर जावे. केर काढण्यापूर्वी पाण्याचा शिडकावा करावा किंवा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. जुन्या वाड्यांच्या कोनाड्यांत पारव्यांचे वास्तव्य असते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ती ओली करून, नाक-तोंड झाकून निरोगी व्यक्तीने काढावी.

विडी-सिगारेट पूर्णपणे सोडणे अनिवार्य आहे. घरातील इतरांनीही आत धूम्रपान करू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये. तिच्या धुरामुळे फुप्फुसे तर बिघडतातच, शिवाय विषारी वायूमुळे जिवावर बेतते. देवघरातील धूप आणि उदबत्ती यांचा धूरही रुग्णाला त्रासदायक असतो. तेथे तुपाचे निरांजन आणि फुले यांनी पूजा होऊ शकते.

कार्तिक महिन्यात पंचगंगा घाटावर आकाशदीप उंच बांबूंवर लावले जातात आणि भाविक पहाटे गंगास्नान करतात. थंडीच्या दिवसांत काशीत धुके पडते आणि धूर त्यात अडकून जमिनीलगत राहतो. अशा पहाटे दुबळ्या फुप्फुसाच्या व्यक्तीने घाटावरील स्नान टाळावे. ऊन वर आल्यावर घाटावर जाऊन दर्शन घ्यावे आणि घरी कोमट पाण्याने स्नान करावे. शरीर जपून केलेल्या उपासनेत काही उणे राहत नाही.

धोक्याच्या खुणा

दीर्घकालीन संसर्ग असलेल्या व्यक्तीने आपल्या कफाकडे रोज लक्ष द्यावे. कफाचे प्रमाण वाढणे, तो हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त होणे, ताप येणे, धाप वाढणे, वजन घटणे या खुणा नव्या संसर्गाच्या असू शकतात. थुंकीत रक्त दिसल्यास, विशेषतः ते अधिक असल्यास, तत्काळ रुग्णालयात जावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. अर्धवट घेतलेल्या औषधांनी जंतू बळावतात. फ्लू आणि न्यूमोनिया यांच्या प्रतिबंधक लसींविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरात कोणाला सर्दी-पडसे असल्यास त्याने रुग्णापासून काही दिवस अंतर ठेवावे आणि सर्वांनी वारंवार साबणाने हात धुवावेत.

कुटुंबाची जबाबदारी

२४ मार्च २०२३ रोजी जागतिक क्षयरोग दिनानिमित्त वाराणसी येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. क्षयरुग्णाच्या देखभालीत संपूर्ण कुटुंबाला सामावून घेण्याच्या उपक्रमाचा आरंभ तेथे झाला. रोग एकाला होतो, पण त्याच्याशी झुंज द्यायची असते ती साऱ्या घराला, हे या उपक्रमामागील सूत्र होते.

मागील प्रसंगातील घराकडे पुन्हा वळावे. तेथे आता सुनेची खाट वरच्या मजल्यावरील खिडकीशी आली आहे. खिडकी दिवसरात्र उघडी असते. खाटेखाली झाकणाचा डबा आहे, उशाशी स्वच्छ रुमाल आणि मुखपट्टी आहे. मुलाची तपासणी होऊन त्याचे प्रतिबंधक औषध सुरू झाले आहे. आरंभीचे काही आठवडे तो आजीजवळ झोपतो आणि दिवसा गच्चीवर आईशी गप्पा मारतो. औषधाची वेळ सासूबाई स्वतः लक्षात ठेवतात. माहेरी पाठवण्याची गोष्ट आता कोणी काढत नाही. वेगळे केलेले ताट पुन्हा इतर ताटांबरोबर मांडले जाते आणि त्यात रोज वरण, उसळ आणि अंडे किंवा दूध असते.

या बदलासाठी घर मोडावे लागले नाही, मोठा खर्चही झाला नाही. भीतीची जागा माहितीने घेतली, एवढेच झाले. रोगाला दूर ठेवायचे आणि माणसाला जवळ ठेवायचे, हाच श्वासाच्या स्वच्छतेचा अर्थ आहे.